थेंबाची परीक्षा

श्रोतेहो, भास्कराचार्यांच्या लीलावतीची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असेल. मुलीच्या पत्रिकेत संसारसुखाचा योग नव्हता. एका नेमक्या घटिकेला विवाह लागला, तरच तो दोष टळणार होता. आचार्यांनी घटिकापात्र मांडले. पाण्यावर तरंगणारी एक वाटी, तिच्या तळाला बारीक छिद्र. त्या छिद्रातून पाणी आत येत येत वाटी बुडाली की घटिका भरली. नवरीच्या वेषातली लीलावती कुतूहलाने वाकून पाहू लागली आणि तिच्या अलंकारातला एक मोती निसटून वाटीत पडला. तो नेमका छिद्रावर जाऊन बसला. पाणी आत येईना, वाटी बुडेना, आणि मंडळी आपली वाट पाहत राहिली. काय घडले हे ध्यानात आले तेव्हा मुहूर्त टळून गेला होता.

ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेतून ती पुढे पसरली. म्हणून इतिहासाचा पुरावा म्हणून तिचा उपयोग नाही. परंतु एक गोष्ट ती फार चांगली दाखवते. छिद्र बुजले तेव्हा काहीही आवाज झाला नाही. वाटी तरंगत होती, पाणी निवळ होते, भोवतालची माणसे शहाणी होती. सारे काही नेहमीसारखे दिसत होते आणि नेमके तेच फसवे होते.

आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहोत, ती ह्या घटिकापात्राची दूरची नातलग शोभेल अशी आहे. कर्करोगाच्या काही रुग्णांच्या कमरेला अथवा गळ्यात एका छोट्या पिशवीत प्लास्टिकची बाटली लटकवलेली असते. तिच्या आत एक रबरी फुगा असतो व त्या फुग्यात औषध असते. फुगा आपल्याच ताणाने आकसतो, औषध एका अतिसूक्ष्म नळीतून थेंबाथेंबाने पुढे जाते आणि छातीजवळच्या मोठ्या शिरेत पोहोचते. त्यास वीज लागत नाही, किल्ली लागत नाही. रुग्ण घरी जातो, जेवतो, झोपतो, देवळात जाऊन येतो. औषध आपले चालू असते. हा पंप रुग्णालयाच्या औषधालयात भरतात, आणि पुष्कळदा भरून काही दिवस ठेवून देतात. मग प्रश्न असा उभा राहतो की, इतके दिवस ठेवलेला हा पंप लावल्यावर सांगितल्या वेळात सांगितले तेवढेच औषध देईल काय? ह्या एका प्रश्नाच्या पाठीमागे साडेतीनशे वर्षांची वाटचाल आहे. ती समजून घेतल्याशिवाय त्याचे महत्त्व नीट कळावयाचे नाही.

प्रारंभ ऑक्सफर्डला होतो. रक्त शरीरात फिरते, हा सिद्धांत विल्यम हार्वेने १६२८ साली ग्रंथरूपाने मांडला होता. रक्त जर फिरते, तर एका शिरेत घातलेली वस्तू सर्व अंगभर पोहोचली पाहिजे, हा त्यावरून निघणारा साधा तर्क. तो पडताळून पाहिला ख्रिस्टोफर रेनने, १६५६ साली. पुढे लंडनच्या सेंट पॉल चर्चचा शिल्पकार म्हणून ज्याची कीर्ती झाली तोच हा रेन. त्याने पक्ष्याच्या पिसाची पोकळ नळी घेतली, तिला प्राण्याच्या मूत्राशयाची पिशवी बांधली, पिशवीत मद्यात कालवलेली अफू भरली आणि ती एका कुत्र्याच्या शिरेत सोडली. कुत्रे गुंगले, मग सावध झाले. रॉबर्ट बॉइलने नोंदवून ठेवले आहे की, ह्या प्रयोगामुळे त्या कुत्र्याची एवढी प्रसिद्धी झाली की ते पुढे चोरीस गेले! विनोद बाजूला ठेवू. एक दाबता येणारी पिशवी आणि तिला जोडलेली एक बारीक नळी : आजच्या फुग्याच्या पंपाचे हे दोन्ही अवयव रेनच्या हातात होते. नव्हते ते एकच. पिशवीतून किती वेळात किती गेले, हे मोजण्याचे साधन.

ती उणीव किती जिवावर बेतू शकते, हे पटकीच्या साथीत दिसून आले. १८१७ साली बंगालमध्ये उसळलेली पटकी पुढल्या पंधरा वर्षांत इंग्लंड-स्कॉटलंडपर्यंत पोहोचली. १८३२ साली एडिंबरोजवळच्या लीथ बंदरात डॉक्टर टॉमस लॅटा यांनी एका मरणोन्मुख वृद्धेच्या शिरेत मिठाचे पाणी सोडण्यास आरंभ केला. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर पाणी आत गेले. नाडी परत आली, गार पडलेल्या हातापायांना ऊब आली, बसलेला चेहरा उजळला. दमलेले डॉक्टर रुग्णेला दुसऱ्याच्या हवाली करून गेले. थोड्याच वेळात उलट्या व जुलाब पुन्हा सुरू झाले. पाणी पुन्हा कोणी सोडले नाही. आणि साडेपाच तासांत ती बाई गेली. लॅटा यांनी हे सारे प्रामाणिकपणे लिहून कळवले आणि ते ‘लॅन्सेट’ पत्रात प्रसिद्ध झाले.

आम्हांला ह्या हकिकतीत सलाईनचा जन्म तर दिसतोच, पण त्याहून एक खोल धडा दिसतो. औषध बरोबर होते, शीर बरोबर होती, मात्राही पुरेशी होती. चुकला तो काळ. जे संथपणे आणि सतत चालू राहावयास हवे होते, ते एका दमात दिले गेले आणि थांबले. औषध किती द्यावे, ह्याबरोबरच ते किती काळात द्यावे हा प्रश्न वैद्यकात तेव्हाच येऊन उभा राहिला होता. त्याला उत्तर देण्याजोगे गणित मात्र अजून तयार व्हावयाचे होते.

ते गणित पॅरिसच्या एका डॉक्टराने तयार केले. झाँ पॉइसेय ह्यांना शरीरातल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसे वाहते ह्याचे कुतूहल होते. रक्तवाहिनी हाती धरून मोजता येत नाही, म्हणून त्यांनी काचेच्या अतिसूक्ष्म नळ्या घेतल्या आणि १८३८ पासून पुढे कित्येक वर्षे त्यांतून पाणी सोडून, दाब बदलून, लांबी बदलून, उष्णता बदलून मोजमापे केली. त्यांचा संपूर्ण प्रबंध १८४६ साली छापून निघाला. जर्मनीत गोट्टहिल्फ हागेन ह्या स्थापत्यशास्त्रज्ञाने स्वतंत्रपणे १८३९ साली असाच निष्कर्ष प्रसिद्ध केला होता. तो निष्कर्ष असा : दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो, नळी दुप्पट लांब केली तर प्रवाह निम्मा होतो, द्रव जितका दाट, म्हणजे त्याची श्यानता जितकी अधिक, तितका प्रवाह कमी. परंतु नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा किंवा पाव होत नाही. तो एकदम सोळावा हिस्सा उरतो! त्रिज्येत शेकडा पाचाची चूक झाली तर प्रवाहात शेकडा वीसच्या आसपास चूक होते. लीलावतीच्या मोत्याला छिद्र पूर्ण बुजवण्याचीसुद्धा गरज नव्हती. कडेला जरासा टेकला असता तरी मुहूर्त चुकला असता.

ही पूर्वपीठिका ध्यानात ठेवून आता औषधाकडे वळू. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हा कर्करोगावर शस्त्रक्रिया व किरणोपचार हेच काय ते दोन इलाज होते. रसायनाने कर्करोगाला आवर घालण्याचा पहिला आधुनिक प्रयोग त्यानंतरच्या वर्षी, १९४२ साली, अमेरिकेत येल विद्यापीठात झाला. त्यात वापरलेले नायट्रोजन मस्टर्ड हे युद्धातल्या विषारी वायूचे भावंड. युद्धकालीन गुप्ततेमुळे त्याचा वृत्तांत प्रसिद्ध व्हावयास १९४६ साल उजाडले. त्यापुढचा एक मोठा टप्पा म्हणजे १९५७. विस्कॉन्सिनचे चार्ल्स हायडेलबर्गर ह्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लुओरोयुरॅसिल हे औषध त्या वर्षी जगापुढे ठेवले. कर्कपेशी आपली नवी घडण करताना युरॅसिल नावाचे द्रव्य अधिक प्रमाणात उचलतात, असे दिसून आले होते. त्या युरॅसिलच्या रेणूत फ्लोरिनचा एक अणू बसवून जणू खोटे नाणे तयार केले. पेशीने ते खरे समजून उचलले की तिचा व्यवहार ठप्प होतो.

ह्या खोट्या नाण्याची एक अडचण होती. शरीर ते फार झपाट्याने ओळखून मोडून टाकते. रक्तातले त्याचे प्रमाण दहा ते वीस मिनिटांत निम्म्यावर येते. आणि पेशी तर आपापल्या वेळी विभागतात. सगळ्या काही एका मुहूर्तावर विभागत नाहीत. एका झटक्यात दिलेले औषध त्या क्षणी विभागणाऱ्या थोड्याच पेशींना गाठते, आणि त्याबरोबर रुग्णाच्या अस्थिमज्जेलाही जोराचा तडाखा देते. ह्यावर उपाय एकच : औषध संथपणे, कित्येक तास, कित्येक दिवस चालू ठेवायचे. १९९८ साली सहा चाचण्यांतील १,२१९ रुग्णांची माहिती एकत्र करून तुलना प्रसिद्ध झाली. मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरलेल्या ह्या रुग्णांत, झटक्याने औषध दिलेल्यांपैकी शंभरांत १४ जणांची गाठ आटली होती, तर संथपणे दिलेल्यांपैकी २२ जणांची. रक्तपेशींवरचा गंभीर दुष्परिणाम पहिल्या गटात शंभरांत ३१ जणांना, दुसऱ्यात अवघ्या ४ जणांना झाला. हातापायांची कातडी लाल होऊन सोलवटण्याचा त्रास मात्र संथ पद्धतीत अधिक होता. औषध तेच; बदलला तो थेंबाचा वेग. लॅटा यांच्या वृद्धेने १८३२ साली जो प्रश्न मागे ठेवला होता, त्याला आकड्यांत मिळालेले हे एक उत्तर होय.

पण दोन-दोन, चार-चार दिवस खाटेला जखडून पडावयाचे, तेही दर पंधरवड्याला, हे कोणत्या संसाराला परवडणार? म्हणून चालत्याफिरत्या माणसाबरोबर जाईल असे साधन हवे होते. १९६३ साली बोस्टनच्या एल्टन वॉटकिन्स ह्या शल्यविशारदाने घड्याळाच्या यंत्रावर चालणारा, अंगावर बाळगता येईल असा पंप प्रसिद्ध केला. त्यानंतर विजेऱ्यांवर चालणारे पंप आले, मग आकडे दाबून वेग ठरवता येणारे पंप आले. आणि १९८०च्या दशकात, रेनच्या त्या पिशवीकडे परत वळावे तसा, रबरी फुग्याचा पंप रुग्णालयांत रूढ झाला.

विजेचा हुशार पंप हाती असताना हा अडाणी फुगा कोणी का पत्करावा, असे आपल्या मनात येईल. त्याचे एक उत्तर कॅनडातल्या एडमंटन शहरी २००६ साली घडलेल्या घटनेत आहे. चार दिवसांत द्यावयाचे फ्लुओरोयुरॅसिल एका महिला रुग्णाला चार तासांत दिले गेले. पंपावर ताशी १.२ मिलिलिटर हा आकडा घालावयाचा, तेथे २८.८ हा आकडा पडला. २८.८ हा आकडाही औषधाच्या चिठ्ठीवर होताच. पण तो चोवीस तासांचा होता. चोवीसने भागण्याची एक पायरी गळली, दुसऱ्या परिचारिकेने केलेल्या पडताळणीतही ती सापडली नाही, आणि तीन आठवड्यांनी ती बाई दगावली. पुढल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या चौकशीच्या अहवालाने कोणा एका व्यक्तीवर बोट न ठेवता चिठ्ठीची मांडणी, हिशेबाची रीत, पंपाची रचना ह्या सगळ्यांची चिकित्सा केली. अशा अतिमात्रेवर देता येईल असे उतारऔषध, युरिडिन ट्रायअॅसिटेट, अमेरिकेत २०१५च्या अखेरीस मान्य झाले.

फुग्याच्या पंपाला आकडे दाबण्याची कळच नाही. त्याचा वेग कारखान्यात, त्या सूक्ष्म नळीच्या त्रिज्येत, कायमचा ठरून गेलेला असतो. म्हणून चोवीसपट वेगाची ती चूक त्याच्याकडून घडू शकत नाही. हा त्याचा मोठा गुण. पण त्याच गुणाच्या पाठीला त्याचा दोष चिकटलेला आहे. त्याला कळ नाही तशी घंटाही नाही. नळी बुजली, मुरगळली, वेग मंदावला, तरी तो ओरडत नाही. लीलावतीच्या वाटीप्रमाणे तो नुसता शांत असतो.

येथे आपण आमच्या मूळ प्रश्नाशी येऊन पोहोचतो : पंप भरून ठेवून दिला असता त्याचे काय होते?

भरून ठेवण्याची गरज खरी आहे. ही औषधे हाताळणाऱ्यालाही घातक. ती भरावयाची ती बंदिस्त, निर्जंतुक कपाटात, हातमोजे घालून, शिकलेल्या माणसाने. रुग्ण आल्यावर प्रत्येकाचे औषध तेव्हाच्या तेव्हा भरावयाचे म्हटले तर लोक तासन्‌तास ताटकळत बसतात आणि घाईत चुका होतात. म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये ठरावीक मात्रांच्या श्रेणी पाडून औषधे आगाऊ भरून ठेवण्याची पद्धत पुढे आली. घाई कमी झाली, पण एक नवे कोडे आले. कपाटात काळ थांबत नाही.

पहिली गोष्ट औषधाची. फ्लुओरोयुरॅसिलचे तीव्र द्रावण थंडीत ठेवले तर त्यात स्फटिक धरतात. दूध-लोण्याच्या सवयीने आपण समजतो की फ्रिजमध्ये ठेवलेले सारे अधिक टिकते. ह्या औषधाला तो न्याय लागू नाही. एखादा स्फटिक गाळणीत अथवा सूक्ष्म नळीच्या तोंडाशी अडकला की तो लीलावतीचा मोती झाला. दुसरी गोष्ट फुग्याची. पुष्कळ दिवस ताणून ठेवलेले रबर थोडे सैल पडते; लोणच्याच्या बरणीला महिनोन्‌महिने बांधलेले रबर काढून पाहावे म्हणजे कळेल. सैल फुग्याचा दाब कमी, दाब कमी म्हणजे प्रवाह कमी. तिसरी गोष्ट पाण्याची. काही प्रकारच्या फुग्यांच्या भिंतीतून पाण्याची वाफ हळूहळू निसटते. मग आतले औषध थोडे घटते व तेवढेच तीव्र होते. आणि चौथी गोष्ट उष्णतेची. पाण्याची श्यानता ५ अंश सेल्सिअसला जेवढी असते, तिच्या सुमारे निम्मी ती ३३ अंशांना उरते. फ्रिजमधून काढून तसाच लावलेला पंप आरंभी जवळजवळ निम्म्या वेगाने चालेल, हे पॉइसेय यांचे गणित काहीही प्रयोग न करता सांगते.

मग परीक्षा कशी करतात? रीत आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. एका खेपेतले काही पंप नमुन्यासाठी बाजूला काढतात. ते भरल्याबरोबर वजन करतात. जितके दिवस साठवण्याची परवानगी मागायची, तितके दिवस ते ठरलेल्या उष्णतेत ठेवतात. मग पुन्हा वजन. जे घटले ते उडून गेलेले पाणी. उजेडात धरून स्फटिक, रंग, गढूळपणा पाहतात. थोडे औषध काढून त्याचा अंश रासायनिक पृथक्करणाने मोजतात. शेवटी पंप ठरलेल्या उष्णतेवर आणून सुरू करतात व त्याचे थेंब एका झाकलेल्या भांड्यात पडू देतात. भांडे ठेवलेले असते सूक्ष्म काट्यावर. ठराविक वेळाने वजन टिपत जायचे. एक ग्रॅम म्हणजे सुमारे एक मिलिलिटर. टिपणांवरून आलेख काढला की दिसते : आरंभी वेग थोडा चढा, मग बराच वेळ सपाट, आणि फुगा रिता होता होता पुन्हा थोडा चढ. निर्माते साधारणपणे शेकडा दहा ते पंधरा इतका फरक मान्य धरतात. ४६ तासांचा पंप पंधराच्या हिशेबाने ४० तासांत संपला अथवा ५४ तास चालला, तरी तो मर्यादेत आहे. विजेशिवाय चालणाऱ्या अशा पंपांसाठी आंतरराष्ट्रीय मानक २०१० साली प्रसिद्ध झाले, २०२० साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली.

हे सारे ऐकून आपल्याला समाधान वाटले असेल. आम्हांलाही प्रथम वाटले. पण विचार करता एक गोष्ट मनात सलू लागली, आणि तीच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

‘सूर्यसिद्धांता’त घटिकापात्राचे लक्षण दिले आहे. तळाला छिद्र असलेले तांब्याचे पात्र निर्मळ पाण्यावर ठेवले असता अहोरात्रात साठ वेळा बुडावे, म्हणजे ते शुद्ध. किती सुंदर परीक्षा! वेगळे यंत्र नको, सूर्य हाच साक्षीदार. आणि जे पात्र परीक्षेत उतरले, तेच दुसऱ्या दिवशी मांडवात ठेवता येते. परीक्षेने ते झिजत नाही की संपत नाही.

औषधाच्या पंपाचे तसे नाही. तो एकदाच चालतो. ज्याची परीक्षा घेतली तो रिता झाला. तो रुग्णाला देता येत नाही. आणि जो रुग्णाला दिला, त्याची परीक्षा झालेली नसते. परीक्षेला बसलेले आणि कामावर जाणारे हे नेहमीच निराळे. नमुन्यातले पंप उत्तम चालले, एवढ्यावरून आपण त्यांच्या भावंडांवर विश्वास टाकतो. हा विश्वास आंधळा नव्हे. एकाच खेपेचे, एकाच रीतीने भरलेले, एकाच कपाटात ठेवलेले पंप सारखे वागतील असे मानावयास भक्कम आधार आहे. पण तो आधार ‘एकाच रीतीने’ ह्या दोन शब्दांवर उभा आहे. भरणाऱ्याने एकदा निराळ्या तीव्रतेचे औषध वापरले, मिठाच्या पाण्याऐवजी साखरेचे पाणी घेतले, कपाट एक रात्र बंद पडले आणि कोणी वहीत लिहिले नाही, की नमुन्याची साक्ष त्या पंपाला लागू राहत नाही. म्हणून औषधालयातली ती कंटाळवाणी वही, तो उष्णतामापकाचा रोजचा आकडा, खेपेचा क्रमांक, भरल्याची तारीख, ह्या गोष्टी कारकुनी नव्हेत. तपासलेला पंप आणि न तपासलेला पंप ह्यांना जोडणारा एवढा एकच दुवा आहे.

आणि दुसरा साक्षीदार घरी असतो. आमच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना असा पंप लावून घरी पाठवले होते. २३० मिलिलिटर औषध, ४६ तास. म्हणजे ताशी पाच. रात्री त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “अहो, हा फुगा सकाळी होता तेवढाच दिसतोय हो.” ते म्हणाले, “अगं, ते हळूहळूच जायचं असतं. तू झोप बरं.” बाईंना झोप येईना. परिचारिकेने सांगून ठेवले होते, त्याप्रमाणे त्यांनी नळीला ओढ न लागेल अशा बेताने बाटली स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर टेकवली. बारा तासांत साठ ग्रॅमच्या आसपास उतरावयास हवे होते. उतरले होते जेमतेम दहा. त्यांनी त्या रात्रीच रुग्णालयाला दूरध्वनी केला. पाहता पाहता उलगडा झाला : कमरपट्ट्याखाली नळी मुडपली होती. ती सरळ केली, पुढले सारे सुरळीत झाले. उरलेल्या औषधाला वेळ किती द्यायचा ते डॉक्टरांनी ठरवले. आम्ही ह्या बाईंना पॉइसेय यांच्या परंपरेतल्या समजतो. त्यांनी दिसण्यावर भरवसा ठेवला नाही, वजन केले.

आपल्याकडच्या हवेचाही विचार येथे केला पाहिजे. ह्या पंपांपैकी पुष्कळांचा वेग माणसाच्या कातडीची उष्णता, म्हणजे एकतीस ते तेहेतीस अंश, गृहीत धरून ठरवलेला असतो; म्हणून ती सूक्ष्म नळी अंगाला चिकटपट्टीने लावून ठेवावयास सांगतात. नागपूर-चंद्रपूरकडच्या वैशाखात ती सुटून चाळीस अंशांच्या हवेत लोंबत राहिली, तर केवळ पाण्याच्या श्यानतेच्या हिशेबाने वेग शेकडा पंधराने वाढतो आणि ४६ तासांचा पंप ४० तासांत रिता होतो. उलट वीस अंशांच्या थंड खोलीत ती उघडी राहिली, तर तेच ४६ तास साठावर जातात. शीत देशातल्या प्रयोगशाळेने केलेली परीक्षा खोटी नव्हे; पण ती त्या खोलीतली परीक्षा आहे. आपल्या औषधालयांनी आपल्या कपाटात, आपल्या उन्हाळ्यात, आपल्या वाहतुकीत तीच परीक्षा पुन्हा करून पाहणे हे परक्या शास्त्रावर अविश्वास दाखवणे नव्हे. शास्त्राचा तोच खरा मान आहे. पॉइसेय यांनीही उष्णता बदलून बदलून पाहिले होते.

श्रोतेहो, ह्या इतिहासात दोन प्रकारच्या चुका आपण पाहिल्या. एक एडमंटनची : औषध धो धो गेले. अशा चुकीची वार्ता होते, चौकशी होते, जग शहाणे होते. दुसरी लीलावतीची : छिद्र बुजले, काही गेलेच नाही, आणि कोणाला कळले नाही. अशा चुकीची वार्ता होत नाही. गाठ वाढली की आपण म्हणतो, औषध लागू पडले नाही, नशिबात नव्हते. पण औषध शिरेपर्यंत पोहोचलेच नसेल, तर त्यात औषधाचा दोष नाही आणि नशिबाचाही नाही. औषधालयातल्या एखाद्या कोपऱ्यात, काट्यावरच्या भांड्यात तासन्‌तास पडणारे ते थेंब मोजत बसलेला माणूस नेमकी ही दुसरी चूक शोधत असतो. त्याने शोधलेल्या चुकीचे फळ ज्याला मिळते, त्या रुग्णाला तो कधी भेटत नाही. त्या रुग्णालाही त्याचे नाव कळत नाही.

विवाहमंडपात सारे जण वाटी बुडण्याची वाट पाहत होते. कोणी एकाने मधूनच उठून वाटीत डोकावले असते, तर मोती दिसला असता. आपल्या घरी असा पंप आला, तर लावल्याची वेळ लिहून ठेवावी, बारा तासांनी वजन करावे, परिचारिकेने सांगितलेल्या आकड्याशी ते ताडून पाहावे, आणि शंका आली तर संकोच न करता रात्रीसुद्धा रुग्णालयाला विचारावे. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.